चटका बसला, पण कळला नाही

मागच्या मे महिन्यात मामा देवदर्शनाला गेले होते. भर दुपारी तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घातल्या. घरी आल्यावर मामींना पायपुसण्यावर ओल दिसली, तेव्हा समजलं की दोन्ही तळव्यांना टरारून फोड आलेत. मामा म्हणाले, "देवाची कृपा, काही जाणवलंसुद्धा नाही." त्यांना बावीस वर्षांचा मधुमेह आहे. या दर्शनाआधी वर्षभर त्यांची चप्पल चालताना निसटायची आणि त्यांना पत्ता नसायचा. कृपा नव्हे, ती बधिरता होती.

अंगठ्याची जाणीव वाहणारी मज्जापेशी अंगठ्यात नसतेच. तिचा गाभा कमरेशी, मणक्यालगतच्या गाठीत असतो. तिथून निघालेला एकच तंतू जवळजवळ एक मीटर लांब, अंगठ्यापर्यंत जातो. त्याला लागणारी बहुतेक प्रथिनं गाभ्यात तयार होतात आणि सूक्ष्मनलिकांच्या रुळांवरून खाली जातात. कायनेसिन नावाचं प्रथिन हा माल ओढतं. वेगवान माल दिवसाला ४०० मिलिमीटरपर्यंत जातो, म्हणजे अंगठ्याला पोचायला अडीच दिवस. तंतूचा सांगाडा बनवणारी प्रथिनं मात्र दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर सरकतात. म्हणजे पावणेतीन वर्षांचा प्रवास!

मज्जापेशीत ग्लुकोज शिरायला इन्सुलिन लागत नाही, त्यामुळे रक्तात साखर वाढली की तिथेही वाढते. जादा ग्लुकोजपासून अल्डोज रिडक्टेज हे विकर सॉर्बिटॉल बनवतं. त्यात एनएडीपीएच नावाचं मदतनीस रसायन खर्ची पडतं आणि पेशीचं ऑक्सिडीकरणापासून रक्षण करणारं ग्लुटाथायोन पुन्हा तयार व्हायला तेच कमी पडतं. मग मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाकेंद्रं, ऑक्सिडीकरणाच्या माऱ्याखाली येतात, ऊर्जा घटते आणि वाहतूक रखडते. तंतूंना रक्त पुरवणाऱ्या केशवाहिन्यांच्या भिंतीही जाडावतात. सर्वांत लांब तंतू आधी उपाशी पडतो. म्हणून मुंग्या बोटांपासून सुरू होतात, बधिरता मोज्यासारखी वर चढते आणि गुडघ्याजवळ आली की हाताची बोटंही बधिरू लागतात.

१९४६ मध्ये वेल्लोरला आलेल्या शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांत दाखवलं की बोटं झडतात ती मुख्यतः न जाणवलेल्या जखमांमुळे. पुढे अमेरिकेत त्यांनी तोच विचार मधुमेहींच्या पायांना लावला.

'नस मोकळी करणाऱ्या' तेलांच्या जाहिरातींचा मला मनापासून राग येतो. वरून चोळलेलं तेल कमरेजवळच्या पेशीतली साखर कमी करत नाही. त्यापेक्षा वर्षातून एकदा दवाखान्यात १० ग्रॅम दाबाच्या नायलॉन तंतूने तळवे तपासून घ्या. मिनिटांचं काम आहे. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्व तपासून बघा, त्याच्या कमतरतेनेही मुंग्या येतात. रोज रात्री तळवे आरशात पाहा. कुरूप ब्लेडने कापू नका, गरम पाण्याची पिशवी पायांना लावू नका. भेगांना व्हॅसलीन लावा, पण बोटांच्या बेचक्यात नको. दुपारी देवळात जाड सुती मोजे घाला.

मामी आता मामांच्या बुटात हात घालून पाहतात. परवा आत चिंचोका सापडला. मामा तो बूट घालून सकाळी फिरून आले होते.