लीहाय–लाफायेट आणि वॉबॅश–डीपॉ: छोट्या कॉलेजांचे दोन मोठे सामने

नोव्हेंबर उजाडला की अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा (चेंडू हातात घेऊन धावायच्या अमेरिकी फुटबॉलचा) हंगाम संपत येतो आणि जुने हिशेब चुकते करायचे दिवस सुरू होतात. टीव्हीवर त्या आठवड्यात ओहायो स्टेट, मिशिगन, अलाबामा, ऑबर्न या बड्या विद्यापीठांचीच नावं दिसतात. पण लाखभर प्रेक्षकांच्या त्या स्टेडियमांपासून दूर, छोट्या गावांतल्या छोट्या कॉलेजांचे दोन सामने आहेत, ज्यांची गल्लत फार होते. एक पेनसिल्व्हेनियातला, लीहाय विरुद्ध लाफायेट. दुसरा इंडियानातला, वॉबॅश विरुद्ध डीपॉ.

गल्लत होणं साहजिक आहे. दोन्ही सामने एकोणिसाव्या शतकात सुरू झाले. दोन्हींत शेजारच्या गावांतली खासगी कॉलेजं समोरासमोर येतात आणि दोन्ही सामने नियमित हंगामाच्या अगदी शेवटच्या शनिवारी होतात. आज दोन्ही जोड्या आपापल्या कॉन्फरन्समधल्या प्रतिस्पर्धी आहेत. वरून दोघांनाही ‘छोट्या कॉलेजांचा फुटबॉल’ असं एकच लेबल लागतं. मला हे लेबलच घोटाळ्याचं मूळ वाटतं, कारण हे दोन सामने एका पातळीवरचे नाहीत आणि त्यांत पणाला लागणाऱ्या गोष्टीही एक नाहीत.

आधी डिव्हिजन आणि कॉन्फरन्स वेगळं करून घेऊ. अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचा कारभार बघणारी मोठी संस्था म्हणजे एनसीएए. १९७३ मध्ये तिने कॉलेजांच्या तीन डिव्हिजन केल्या: एक, दोन आणि तीन. डिव्हिजन म्हणजे पातळी. कॉलेज खेळांवर किती खर्च करतं, खेळाडूंना शिष्यवृत्ती देतं की नाही, त्यावर ती ठरते. कॉन्फरन्स म्हणजे त्या पातळीवरच्या काही कॉलेजांनी एकत्र येऊन केलेला गट. या गटातल्या सामन्यांचा गुणतक्ता वेगळा ठेवतात आणि त्यावरून विजेता ठरतो. व्यावसायिक एनएफएल बघणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो, कारण तिथे मांडणी उलटी आहे: कॉन्फरन्स मोठी आणि तिच्या पोटात डिव्हिजन.

लीहाय आणि लाफायेट खेळतात डिव्हिजन एकमध्ये. त्या डिव्हिजनचे फुटबॉलपुरते दोन थर आहेत, वरचा एफबीएस आणि खालचा एफसीएस, आणि ही दोन कॉलेजं दुसऱ्या थरात, म्हणजे एफसीएसमध्ये आहेत. त्यांची कॉन्फरन्स पेट्रियट लीग. वॉबॅश आणि डीपॉ डिव्हिजन तीनमध्ये, नॉर्थ कोस्ट कॉन्फरन्समध्ये. थोडक्यात, लीहाय हे विद्यार्थिसंख्येने मध्यम आणि लाफायेट छोटं कॉलेज असलं तरी कागदोपत्री दोघांची डिव्हिजन अलाबामाचीच आहे. वॉबॅशची नाही.

हा फरक सगळ्यात जास्त जाणवतो तो पैशात. डिव्हिजन तीनमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायला बंदी आहे. मुलगा कितीही चांगला खेळत असो, त्याला मदत मिळेल ती घरची परिस्थिती आणि मार्क बघूनच. पेट्रियट लीगनेही बरीच वर्षं फुटबॉलसाठी साधारण हाच नियम पाळला होता. मात्र २०१३ च्या हंगामापासून तिथे फुटबॉलच्या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. म्हणून आज लीहायच्या संघातल्या मुलाचं शिक्षण फुटबॉलवर निघू शकतं, वॉबॅशच्या मुलाचं नाही. आणि तरी वॉबॅशची मुलं ऑगस्टच्या उन्हात सरावाला उतरतात, दुखापती सोसतात, सोमवारी सकाळी वर्गात बसतात. माझं मन या बाजूला झुकतं हे लपवत नाही.

वॉबॅश आकाराने किती छोटं, तेही सांगायला हवं. क्रॉफर्ड्सव्हिल या गावातलं हे १८३२ चं कॉलेज आजही फक्त मुलांचं आहे, आणि पूर्ण कॉलेजात हजाराच्या आतच विद्यार्थी. फुटबॉलच्या संघात साधारण शंभर जण असतात. म्हणजे वर्गात इकडेतिकडे नजर टाकली तरी एकदोन फुटबॉलपटू दिसणारच. याच कॉलेजाने १९०५ मध्ये नोत्र दाम या इंडियानातल्याच नामांकित विद्यापीठाला त्यांच्या घरच्या मैदानावर ५–० असं हरवलं होतं. ‘लिटल जायंट्स’ हे टोपणनाव त्याच काळातलं. प्रतिस्पर्धी डीपॉ ग्रीनकॅसल गावात, कारने अर्ध्यापाऊण तासावर. त्याचं नाव शिकागोच्या डीपॉल विद्यापीठाशी हटकून गोंधळतं; डीपॉलने फुटबॉल १९३० च्या दशकातच बंद केला, तेव्हा फुटबॉलच्या बातमीत दिसलं तर ते डीपॉच समजायचं.

आता पेनसिल्व्हेनिया. लीहाय बेथलेहेममध्ये, एकेकाळच्या पोलादाच्या गावात. लाफायेट ईस्टनमध्ये, जिथे लीहाय नदी डेलावेअरला मिळते. नदी ओलांडली की न्यू जर्सी. एडिसनच्या बाजूला राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे मैदान तासाभराच्या अंतरावर आहे आणि तिकडची मुलं इंजिनिअरिंगसाठी लीहायला जातातही. पहिला सामना १८८४ मध्ये झाला आणि लाफायेटने तो ५०–० असा जिंकला. सुरुवातीची बरीच वर्षं ही दोन कॉलेजं एकाच हंगामात दोनदा भिडत. त्यामुळे वर्षांच्या मानाने सामन्यांची संख्या भलतीच वाढली आणि आज कॉलेज फुटबॉलमध्ये सगळ्यात जास्त वेळा खेळलं गेलेलं वैर हेच. २०१४ मध्ये १५० वा सामना न्यू यॉर्कच्या यांकी स्टेडियमवर नेला गेला. एरवी दहा-पंधरा हजारांसमोर होणाऱ्या या सामन्याला त्या दिवशी ४८ हजारांवर लोक आले, आणि लाफायेटच्या रॉस शूअरमनने चेंडू घेऊन धावत ३०४ यार्ड काढले. लाफायेट २७–७ ने जिंकलं.

वॉबॅश–डीपॉ १८९० पासूनचा. वयात सहा वर्षांचाच फरक, पण पेनसिल्व्हेनियातल्या वैराला ट्रॉफी नाही. तिथे जिंकणारा सामन्यातला चेंडू घेऊन जातो आणि त्यावर गुणसंख्या रंगवून तो कपाटात ठेवतो. दरवर्षी चेंडू नवा. त्यामुळे हरणाऱ्याच्या हातातून काही जात नाही, फक्त कपाटात भर पडत नाही.

इंडियानात मात्र वस्तू एकच आहे आणि ती हिसकावली जाते: मोनॉन बेल. मोनॉन ही त्या भागातली रेल्वे कंपनी होती. तिच्या इंजिनावरची घंटा १९३२ मध्ये विजेत्याला द्यायची ठरली. वजन साधारण ३०० पौंड, म्हणजे सव्वाशे किलोच्या वर. एक बाजू वॉबॅशच्या लाल रंगात, दुसरी डीपॉच्या सोनेरीत. घंटेसाठीचा पहिलाच सामना ०–० असा सुटला. तेव्हाच्या नियमात जादा वेळ नव्हता, बरोबरी झाली की घंटा ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच राही. कॉलेज फुटबॉलमध्ये १९९६ पासून बरोबरी बंद झाली, तेव्हापासून दरवर्षी एकाच्या दारात घंटा वाजते. चोरी हाही या घंटेच्या इतिहासाचा भाग आहे. दोन्ही बाजूंच्या विद्यार्थ्यांनी ती वेळोवेळी पळवली आहे. १९६५ मध्ये वॉबॅशच्या एका विद्यार्थ्याने मेक्सिकोहून आलेला पाहुणा असल्याचं भासवून डीपॉच्या अध्यक्षांची भेट घेतली आणि बोलता बोलता घंटा कुठे ठेवली आहे ते काढून घेतलं.

इतकं झाल्यावर मूळ मुद्दा येतो, जो बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. वैराचा सामना आणि कॉन्फरन्सचा सामना या दोन वेगळ्या वह्या आहेत. एकाच दिवशी दोन्हींत नोंद होते म्हणून त्या एक वाटतात.

लीहाय आणि लाफायेट १९८६ पासून एकाच कॉन्फरन्समध्ये आहेत. त्या वर्षी ती कलोनियल लीग म्हणून सुरू झाली आणि पुढे पेट्रियट लीग झाली. १९९७ पासून तिचा विजेता एनसीएएच्या बाद फेरीत थेट जातो. हंगामाचा शेवटचा सामना याच दोघांचा असल्याने गुणतक्ता अनेकदा याच मैदानावर बंद होतो. याचा परिणाम काय, ते २०१३ मध्ये दिसलं. लाफायेटने लीहायला ५०–२८ हरवलं आणि कॉन्फरन्स जिंकली. तेव्हा त्यांच्या खात्यात ५ विजय आणि ६ पराभव होते. लीहायचे विजय कितीतरी जास्त, पण बाद फेरीत गेलं लाफायेट. कारण कॉन्फरन्सबाहेरचे पराभव या हिशेबात धरलेच जात नाहीत. २०१७ मध्ये हेच लीहायच्या वाट्याला आलं: हंगामाच्या सुरुवातीला ओळीने पाच पराभव, मग कॉन्फरन्समध्ये सावरणं, शेवटी लाफायेटवर ३८–३१ असा विजय आणि पुन्हा तेच ५–६ घेऊन बाद फेरीत प्रवेश. पहिल्याच सामन्यात दोघेही मोठ्या फरकाने हरले, हेही खरं. पण हरणारं वर्ष एका दुपारी विजेतेपदाचं वर्ष होऊ शकतं, हे या कॉन्फरन्सने दोनदा दाखवलं.

इंडियानाची गोष्ट अगदी वेगळी. वॉबॅश आणि डीपॉ पूर्वी एका कॉन्फरन्समध्ये होते, पण १९९० च्या दशकाच्या अखेरीस वाटा फुटल्या. वॉबॅश नॉर्थ कोस्टमध्ये गेलं, डीपॉ दक्षिणेकडच्या सदर्न कलीजिएट कॉन्फरन्समध्ये. जवळपास बारा वर्षं हा सामना कोणाच्याच गुणतक्त्यात मोजला जात नव्हता. व्यवहार बघितला तर तो खेळण्याची गरजही नव्हती, उलट बाद फेरीच्या आदल्या आठवड्यात कुणी जायबंदी झालं तर नुकसानच. तरी एकही वर्ष चुकलं नाही, आणि या संपूर्ण वैरातली सगळ्यात गाजलेली दोन टोकं याच काळातली आहेत.

पहिलं २००१ चं. २१–२१ अशी बरोबरी, काही सेकंद शिल्लक, चेंडू वॉबॅशकडे, अंतर ५२ यार्ड. क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) जेक नॉटने चेंडू उंच भिरकावला. एंड झोनजवळ, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या गुण मिळवायच्या पट्ट्याजवळ, दोन्ही संघांचे खेळाडू एकत्र उडाले, वॉबॅशच्या रायन शॉर्टने हवेतच चेंडूला हात लावून तो मागे ढकलला, आणि मागे मोकळ्या उभ्या असलेल्या कर्ट कॅस्परने तो पकडून टचडाउन केला (चेंडू एंड झोनमध्ये नेला). २७–२१. वॉबॅशमध्ये आजही या क्षणाला ‘द कॅच’ एवढंच म्हणतात, पुढे काही सांगावं लागत नाही. दुसरं २००७ चं: शेवटचे दोन सेकंद उरलेले असताना डीपॉच्या जॉर्डन हॅवरकॅम्पने ४७ यार्डांवरून फील्ड गोल (लाथेने गोलखांबांमधून चेंडू) मारला आणि २४–२१ असा घास वॉबॅशच्या तोंडातून काढला. दोन्ही वेळा गुणतक्त्यावर रेघही हलली नाही, घंटा हलली.

आणि या काळातलं माझ्या मते सगळ्यात बोलकं उदाहरण २०१० चं. डीपॉ आपली कॉन्फरन्स जिंकून आलं होतं. वॉबॅशने त्यांना ४७–० धुतलं. पुढच्या शनिवारी बाद फेरीत कोण खेळलं? डीपॉ. तो पराभव कॉन्फरन्सच्या वहीत नव्हताच, त्यामुळे विजेतेपदाला धक्का लागला नाही. ४७–० ने जिंकलेल्या वॉबॅशचा हंगाम मात्र तिथेच संपला, घंटा घेऊन. पेनसिल्व्हेनियात असं होणं कठीण आहे, तिथे दोन्ही वह्या एकमेकींना शिवलेल्या आहेत.

२०११ मध्ये डीपॉ नॉर्थ कोस्टमध्ये आलं आणि इंडियानातल्या सामन्यालाही पुन्हा गुणतक्त्यातलं मोल आलं. डिव्हिजन तीनच्या बाद फेरीत कॉन्फरन्सच्या विजेत्यांना थेट जागा असते, तेव्हा आता घंटा आणि बाद फेरीचं तिकीट दोन्ही एका दुपारी मिळू शकतं किंवा जाऊ शकतं. इथेच आजचा गोंधळ वाढतो, कारण वरवर पाहता दोन्ही सामने आता सारखेच झाले आहेत. पण डीपॉ किंवा वॉबॅशच्या माजी विद्यार्थ्याला विचारा, तो आधी घंटेचं सांगेल आणि कॉन्फरन्सचं विचारल्यावर सांगेल. लाफायेटवाला दोन्ही एका श्वासात सांगतो.

बघायचे असतील तर तारखा लक्षात ठेवणं सोपं आहे, आणि त्यांतही एक फरक दडला आहे. मोनॉन बेल साधारण नोव्हेंबरच्या मध्यावर, लीहाय–लाफायेट थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारच्या सणाच्या) आधीच्या शनिवारी. डिव्हिजन तीनचा नियमित हंगाम दहा सामन्यांचा आणि थोडा लवकर संपणारा, एफसीएसचा त्याहून लांब. त्यामुळे सहसा दोन्ही एकाच दिवशी येत नाहीत आणि सलग दोन शनिवार दोन्ही बघता येतात. दोन्हींकडे सामना संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, बाद फेरीचा तक्ता जाहीर होतो. म्हणून निकालासोबत कॉन्फरन्सचा गुणतक्ताही उघडून ठेवावा: जिंकून थांबलेला संघ कोणता आणि हरून पुढे गेलेला कोणता, हे नुसत्या गुणफलकावरून कळत नाही.