पार्श्वभूमी : बेसाल्ट ही नीलमाची आई नव्हे

काही गडद नीलमांना ‘बेसाल्टी’ म्हणतात, जणू ते बेसाल्ट या ज्वालामुखी खडकातच घडले. हे नाव का चुकते, ते पाहण्याआधी थोडी पार्श्वभूमी. माणिक आणि नीलम ही एकाच कुरुविंदाची, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या खनिजाची, दोन रूपे. कुरुविंद दुर्मीळ का, ते मात्र नीट समजून घ्यावे लागते. भूकवचात ॲल्युमिनियमला तोटा नाही. पण ते जिथे असते तिथे बहुतेक वेळा सिलिकाही (सिलिकॉनचे ऑक्साइड, क्वार्ट्‌झ त्याचाच) हजर असते. सिलिका पुरेशी असली की ॲल्युमिनियम फेल्डस्पार आणि अभ्रक या सिलिकायुक्त खनिजांत अडकते, कुरुविंदासाठी काही उरत नाही. म्हणून क्वार्ट्‌झने भरलेल्या ग्रॅनाइटात नीलम शोधण्यात अर्थ नसतो.

प्राचीन उल्लेखांचा इथे फारसा उपयोग नाही. रोमन लेखनातला सोनेरी ठिपक्यांचा ‘सफायरस’ म्हणजे बहुधा लाजवर्द हा निळा दगड. ठोस पुरावे 19व्या शतकापासून मिळतात. 1880च्या दशकाच्या सुरुवातीला काश्मीरच्या पाडर भागात, सुमारे 4,500 मीटर उंचीवर दरड कोसळली आणि नीलम उघडे पडले. तिथला प्रकार शिकण्यासारखा आहे. फेल्डस्पारयुक्त पेग्मॅटाइटच्या (शिलारसापासून बनलेल्या, मोठ्या स्फटिकांच्या खडकाच्या) शिरा मॅग्नेशियमने समृद्ध, सिलिका कमी असलेल्या खडकात घुसल्या. त्या खडकाने शिरेतली सिलिका ओढून घेतली आणि मागे राहिलेल्या जादा ॲल्युमिनियमचा कुरुविंद झाला. श्रीलंकेत वाट निराळी: साधारण 55 कोटी वर्षांपूर्वीच्या पर्वतनिर्मितीत ॲल्युमिनियमने समृद्ध खडक प्रचंड उष्णता आणि दाबाखाली रूपांतरित झाले. आज खडे सापडतात ते मुख्यतः नदीच्या गाळात, कारण आजूबाजूचा खडक कुजला तरी कुरुविंद टिकतो आणि जड असल्याने तळाच्या खडीत साठतो.

निळ्या रंगाचे कारण उशिरा कळले. 1902मध्ये ज्योतीत चूर्ण वितळवून कृत्रिम माणिक बनवण्याची पद्धत जाहीर झाली. त्यात क्रोमियम पुरते. निळ्यासाठी आधी कोबाल्ट वापरून पाहिले, पण रंग सारखा बसेना. तो बसावा म्हणून मॅग्नेशियम मिसळले, तर नीलमाऐवजी स्पिनेल हे मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमचे वेगळेच खनिज तयार झाले. 1910च्या सुमारास लोह आणि टायटॅनियमची जोडी वापरली तेव्हाच जमले. स्फटिकात दोन धन प्रभारांचे लोह आणि चार धन प्रभारांचे टायटॅनियम शेजारी बसले की प्रकाश पडल्यावर इलेक्ट्रॉन लोहाकडून टायटॅनियमकडे उडी मारतो. त्यात पिवळा-तांबडा प्रकाश शोषला जातो, निळा उरतो. त्यासाठी टक्क्याचा शंभरावा भागही पुरतो.

आता घोळ ज्या शब्दाचा आहे त्याकडे. ऑस्ट्रेलिया, थायलंड, कंबोडिया इथल्या गडद खड्यांना सर्रास ‘बेसाल्टी नीलम’ म्हणतात. बेसाल्टातच ते घडले, असे मत दीर्घकाळ होते. पण अशा खड्याचा कच्चा स्फटिक हातात घेतला तर कडा झिजून गोल झालेल्या, पृष्ठभागावर वितळल्याचे खळगे आणि काहींवर काळ्या स्पिनेलची पातळ साल दिसते. म्हणजे शिलारस त्या स्फटिकाला घडवत नव्हता, खात होता. बेसाल्ट वेगाने वर आला म्हणून नीलम वाचला. रेंगाळला असता तर विरघळला असता. बेसाल्ट हा फक्त वाहक.

मग तो घडला कुठे? या खड्यांच्या पोटात झिरकॉन, कोलंबाइट, पायरोक्लोर या खनिजांचे बारीक कण सापडतात. त्यांतली नायोबियम, टँटालम, थोरियम ही मूलद्रव्ये साठतात ती बरेच स्फटिकीभवन होऊन गेलेल्या, अल्कधर्मी शिलारसाच्या उरलेल्या अंशात. त्यामुळे ‘शिलारसी’ हे विशेषण टिकते, ‘बेसाल्टी’ टिकत नाही. तरीही व्यापारात ‘बेसाल्टी’ हाच शब्द चालतो आणि खड्याची किंमत पाडायला कामी येतो. प्रयोगशाळेत गॅलियम आणि मॅग्नेशियमचे गुणोत्तर मोजतात: साधारण 10च्या वर गेले तर शिलारसी, खाली राहिले तर श्रीलंकेसारखे रूपांतरित खडकातले. मात्र सीमेवरचे खडे दोन्हीकडे बसतात, म्हणून एकाच आकड्यावर निकाल देऊ नये.

1970च्या दशकापासून तर ‘जमिनीत घडलेला रंग’ हा शब्दप्रयोगच अडचणीत आला. श्रीलंकेतले दुधाळ ‘गेउडा’ खडे पूर्वी टाकाऊ समजले जात. खडा जमिनीत हळूहळू थंड होताना टायटॅनियम रुटाइलच्या (टायटॅनियम ऑक्साइडच्या) अतिसूक्ष्म सुयांच्या रूपात वेगळे होते, दुधाळपणा त्याचाच. थायलंडमधल्या भट्ट्यांत ऑक्सिजन कमी ठेवून हे खडे 1,600 अंश सेल्सिअसच्या पुढे तापवले की सुया विरघळतात, टायटॅनियम स्फटिकाच्या अणूंच्या जाळीत परत जाते, लोह दोन धन प्रभारांवर येते आणि खडा निळा होतो. ऑक्सिजन जास्त झाला तर उलट रंग फिका पडतो. ऑस्ट्रेलियातले काळपट खडे उजळायला जास्त ऑक्सिजनची हीच युक्ती वापरतात. खड्यात कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे असतील तर ते तापताना फुटतात आणि भोवती तडे जातात. म्हणूनच बुडबुडा शाबूत दिसला, तर खडा भट्टीत गेलेला नाही असे परीक्षक मानतात.