जिल्हा बदलला, महापालिका आली: दाखल्याचा अर्ज आता कोणत्या कार्यालयात करावा?

जिल्हा, तालुका आणि गाव हे तीन रकाने दाखल्याच्या अर्जात अगदी आरंभी येतात आणि बहुतेक जण आधार कार्डावरचा पत्ता पाहून ते क्षणात भरून टाकतात. ठाणे, नवी मुंबई आणि पनवेल या पट्ट्यात मात्र अर्ज परत येण्याचे कारण पुष्कळदा याच तीन रकान्यांत दडलेले असते. येथील जिल्ह्यांच्या आणि महापालिकांच्या हद्दी गेल्या काही दशकांत इतक्या वेळा बदलल्या आहेत की, आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावरचा, वडिलांच्या शिधापत्रिकेवरचा आणि नातवंडाच्या आधार कार्डावरचा असे तीन निरनिराळे जिल्हे एकाच घरात सापडतात. त्यांपैकी कोणता कोणत्या अर्जात लिहायचा, एवढेच येथे सांगायचे आहे.

महसुलाची हद्द आणि महापालिकेची हद्द

उत्पन्नाचा, अधिवासाचा आणि जातीचा दाखला महसूल खाते देते, म्हणजे तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकारी, ज्यांना आपण अजूनही प्रांत म्हणतो. महापालिका यांपैकी एकही दाखला देत नाही. तिच्याकडे जन्म-मृत्यूच्या नोंदी, मालमत्ता कर आणि तिच्या शाळांची दप्तरे असतात. महसुलाचा नकाशा आणि महापालिकांचा नकाशा एकमेकांवर ठेवून पाहिले, तर रेषा जुळत नाहीत आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

१ ऑगस्ट २०१४ रोजी जुन्या ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा हे आठ तालुके नव्या पालघर जिल्ह्यात गेले. ठाणे, कल्याण, भिवंडी, मुरबाड, शहापूर, उल्हासनगर आणि अंबरनाथ हे सात तालुके ठाणे जिल्ह्यात राहिले. या फेरबदलात गावे आणि तालुके जागचे हलले नाहीत, त्यांच्यावरचे जिल्हा मुख्यालय तेवढे बदलले. त्यामुळे जुना कागद वाचताना जिल्ह्याच्या नावावर न थांबता तालुक्याचे नाव पाहावे आणि तो तालुका आज कोणत्या जिल्ह्यात येतो हे ठरवावे.

नवी मुंबईची गोष्ट याहून थोडी चकवणारी आहे. १ जानेवारी १९९२ पासून कारभार पाहणाऱ्या नवी मुंबई महानगरपालिकेचे दिघा, ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, तुर्भे, नेरूळ आणि बेलापूर हे विभाग महसुली दृष्ट्या ठाणे तालुक्यात मोडतात. खारघर, कामोठे, कळंबोली आणि नवीन पनवेल येथील रहिवासीही स्वतःला नवी मुंबईकरच म्हणवतात, पण त्यांची महापालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी अस्तित्वात आलेली पनवेलची, तालुका पनवेल आणि जिल्हा रायगड. बेलापूर आणि खारघर ही हार्बर मार्गावरची लागोपाठची स्थानके आहेत, तरी तेवढ्या अंतरात जिल्हा बदलतो. त्यातच पनवेल परिसर नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत असल्याने, पारपत्राच्या पडताळणीला नवी मुंबईचे पोलीस आले म्हणून उत्पन्नाचा दाखलाही ठाण्यातूनच मिळेल, असा समज खारघरच्या पुष्कळ कुटुंबांचा होतो. तो दाखला पनवेल तहसीलचा असतो.

आधी चार ओळी कोऱ्या कागदावर

ओळखीच्यांचे अर्ज भरून देताना मी आपले सरकार पोर्टल उघडण्याआधी कोऱ्या कागदावर चार ओळी लिहून घेतो: अर्जदार आज कुठे राहतो, त्याचा जन्म कुठे झाला, त्याचे पूर्वज मानीव दिनांकाला, म्हणजे जातीच्या दाखल्यासाठी प्रवर्गानुसार ठरलेल्या जुन्या तारखेला, कुठे राहत होते आणि घर किंवा जमीन कुठे आहे. उत्पन्न आणि अधिवासाचे दाखले पहिल्या ओळीमागे जातात, जन्माचा दाखला दुसरीमागे, जातीचा तिसरीमागे आणि सातबारा किंवा मालमत्ता पत्रक चौथीमागे. या चार ओळींत चार वेगवेगळे तालुके आले तरी घाबरण्याचे कारण नाही, आपल्या भागात ते नेहमीचेच आहे.

राहत्या ठिकाणाचे दाखले त्यातल्या त्यात सोपे. वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्रासाठी महाराष्ट्रात सलग १५ वर्षे वास्तव्य असल्याचा पुरावा लागतो. वसईत दहा वर्षे राहून नंतर घणसोलीत आलेल्या कुटुंबाला, वसई पालघर जिल्ह्यात गेल्यामुळे आपली सलगता तुटली की काय, अशी शंका येते. ती अनाठायी आहे, कारण पाहिले जाते ते राज्यातले वास्तव्य. वसईचे वीजबिल किंवा मुलाचा शाळेचा दाखला आणि त्यानंतरचा घणसोलीचा करारनामा असे कालक्रमाने जोडावेत, मधले एखादे वर्ष कोरे राहणार नाही एवढे पाहावे आणि अर्ज मात्र आजच्या पत्त्याप्रमाणे ठाणे तालुक्यात करावा. सिडकोच्या वसाहतींतील जमीन भाडेपट्ट्याची असल्याने सदनिकाधारकाच्या नावाचा सातबारा नसतो. तेथे घराचा पुरावा म्हणून नोंदणीकृत कराराची सूची क्रमांक २ (इंडेक्स-टू), सिडकोचे वाटपपत्र किंवा मालमत्ता कराची पावती जोडावी. उत्पन्नाच्या दाखल्यावर मुदत छापलेली असते, त्यामुळे प्रवेशाच्या तोंडावर जुना दाखला पुढे करण्यात अर्थ नाही.

जातीचा दाखला: आजचा पत्ता येथे कामाचा नाही

सर्वाधिक हेलपाटे याच दाखल्यासाठी पडतात. २०१२ च्या नियमांनुसार आणि अनुसूचित जमातींसाठी २००३ च्या नियमांनुसार अर्जदार किंवा त्याचे पूर्वज मानीव दिनांकाला ज्या ठिकाणचे कायम रहिवासी होते, तेथील सक्षम प्राधिकाऱ्याने, म्हणजे सर्वसाधारणपणे उपविभागीय अधिकाऱ्याने, हे प्रमाणपत्र द्यायचे असते. हा दिनांक अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्ग व विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ असा आहे. आजचा पत्ता, जन्मस्थळ आणि शिक्षणाचे गाव यांपैकी कशानेही कार्यालय ठरत नाही.

ठाण्यात जन्मलेली आणि ऐरोलीत शिकलेली एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. तिचे वडील ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात नोकरीला आले. आजोबा मात्र डहाणू तालुक्यातले आणि त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर ‘ता. डहाणू, जि. ठाणे’ असे स्पष्ट लिहिलेले. सेवा केंद्रातला मुलगा तो कागद पाहतो, जिल्ह्याच्या यादीतून ठाणे निवडतो आणि खालच्या यादीत डहाणू शोधू लागतो. डहाणू तिथे नसतेच, कारण ते आता पालघरच्या यादीत आहे. मागे रांग वाढत असते, म्हणून तो ठाणे तालुका निवडतो, गावाच्या जागी ऐरोली भरतो आणि अर्ज पुढे सरकतो. काही दिवसांनी मूळ गाव कार्यक्षेत्राबाहेर असल्याचा शेरा घेऊन तो परत येतो. चूक एका रकान्याची, पण तोवर महाविद्यालयाची मुदत उलटून गेलेली असते. येथे जिल्हा पालघर, तालुका डहाणू आणि आजोबांचे गाव भरले, तर अर्ज थेट डहाणूच्या प्रांतांकडे जातो. अर्ज घरबसल्या करता येत असला तरी मूळ कागद घेऊन प्रत्यक्ष जावे लागण्याची तयारी ठेवावी; ठाण्याकडच्यांना दिवा-वसई गाडीने वसई रोड गाठून पुढे डहाणूची लोकल धरता येते.

उलट उदाहरणही तितकेच सर्रास आढळते. घणसोली किंवा दिवाळे गावातले एखादे आगरी कुटुंब आज खारघरला राहायला गेले असेल, तरी त्याचा जातीचा दाखला ठाण्याच्या प्रांतांकडूनच निघेल. कोपरखैरणे आणि तुर्भे परिसरातल्या माथाडी कामगारांपैकी अनेकांची मूळ गावे पाटण, जावळीकडची. त्यांचा ठाण्याच्या विभाजनाशी काडीचाही संबंध नाही आणि त्यांनी त्या-त्या गावच्या प्रांतांकडेच अर्ज करावा. ‘तीस वर्षे इथे राहतोय, मग इथला दाखला का नाही?’ हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. त्यामागची भावना समजण्यासारखी आहे, पण नियमाला मूळ नोंद जिथे तपासता येते ती जागा हवी असते.

कागदांपैकी वंशावळ आणि तिच्यासोबतचे शपथपत्र किंवा स्वयंघोषणापत्र हा कणा समजावा. त्याशिवाय वडील, आजोबा, पणजोबा यांच्यापैकी कोणाचा तरी मानीव दिनांकापूर्वीचा, जातीचा उल्लेख असलेला पुरावा लागतो: शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, गाव नमुना नंबर १४ म्हणजेच ज्याला कोतवाल बुक म्हणतात त्यातली जन्म-मृत्यूची नोंद, जुना सातबारा किंवा फेरफार. वडिलांच्या बाजूच्या रक्तनात्यातील कोणाकडे जात वैधता प्रमाणपत्र असेल, तर ते आवर्जून जोडावे. त्याइतका वजनदार कागद दुसरा नाही. विवाहित स्त्रीची जात माहेरच्या पुराव्यांवरच ठरते, त्यामुळे सासरच्या कागदांचा उपयोग फक्त नावातील बदल दाखवण्यापुरता. जुन्या नोंदी पुष्कळदा मोडी लिपीत असतात आणि त्यांचे लिप्यंतर जाणकाराकडून करून घेऊन मूळ नकलेसोबत जोडावे लागते. जव्हारकडच्या कागदांवर जिल्ह्याऐवजी ‘जव्हार संस्थान’ आढळले, तर ते संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले एवढे ध्यानात ठेवावे. पनवेलकडच्या कागदांवरचा ‘कुलाबा’ जिल्हा म्हणजे १९८१ पासूनचा रायगड.

विभाजनापूर्वी डहाणू किंवा वसईच्या प्रांतांनी ‘जिल्हा ठाणे’ असा उल्लेख करून दिलेले जात प्रमाणपत्र आजही वैध आहे आणि केवळ जिल्ह्याचे नाव बदलावे म्हणून नवे काढण्याची गरज नाही. वैधता पडताळणीच्या वेळी मात्र प्रमाणपत्र देणारा उपविभाग आज ज्या जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्याच्या समितीकडे जावे लागते. अनुसूचित जमातींच्या पडताळणी समित्या वेगळ्या आहेत, हेही विसरू नये.

जन्माचा दाखला आणि महापालिकेत आलेली गावे

जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते. बाळंतपण कळव्याच्या रुग्णालयात झाले असेल, तर कुटुंब वाशीला राहत असले तरी दाखला ठाणे महापालिकाच देईल. २००५ साली पालघरला जन्मलेल्या मुलाच्या दाखल्यावर ‘जिल्हा ठाणे’ असेल, तर ती चूक नव्हे. त्या दिवशी तोच जिल्हा होता, म्हणून दुरुस्तीचा अर्ज करू नये. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून वाहन परवान्यापर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्म दाखल्यालाच मान्यता असल्यामुळे, २१ दिवसांच्या मुदतीत नोंद करून घेणे आता पूर्वीपेक्षा निकडीचे झाले आहे. 

ग्रामपंचायत जाऊन महापालिका आली की घरांच्या आकारणीचे नमुना ८ चे दप्तर महापालिकेच्या कर विभागाकडे जाते. म्हणून जुन्या नमुना ८ ची प्रत घरात असेल, तर ती टाकून देऊ नये. घर किती जुने आहे हे सांगणारा तोच अनेकदा एकमेव कागद ठरतो. मालमत्ता कराची पावती मालकी सिद्ध करत नाही, हेही त्याच वेळी जाणून असावे. जमिनीची नोंद पूर्वीप्रमाणे तलाठ्याकडे, ज्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी आहे, किंवा नगर भूमापन कार्यालयाकडे राहते. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमी पोर्टलवर १५ रुपयांत मिळतो.

नवी मुंबईच्या मूळ गावांतल्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळा महापालिकेकडे आल्या, तेव्हा शाळेचे नाव आणि शिक्का बदलला. आजोबांच्या दाखल्यावर ‘जीवन शिक्षण मंदिर’ आणि आजच्या उताऱ्यावर महापालिका शाळेचा क्रमांक असे दिसले की कारकून दोन शाळा समजतो. मुख्याध्यापकांकडून ‘ही तीच शाळा’ अशा दोन ओळींचे पत्र घ्यावे. त्याने महिन्याभराचा पत्रव्यवहार वाचतो.

अर्ज, पोचपावती आणि अपील

महसुली दाखल्यांचे अर्ज आपले सरकार पोर्टलवर किंवा सेवा केंद्रातून करता येतात. पोर्टलवर खाते उघडताना भरलेला जिल्हा हा तुमचा पत्ता असतो. दाखल्याच्या अर्जात जिल्हा पुन्हा निवडावा लागतो आणि तो वेगळा असू शकतो. कागदांच्या प्रती ७५ ते ५०० केबी या मर्यादेत बसवाव्या लागतात, तेव्हा मोडीची नक्कल छोटी करताना अक्षर पुसट होणार नाही हे डोळ्यांनी तपासावे. शासकीय कार्यालयात द्यायच्या शपथपत्रासाठी मुद्रांक कागदाची सक्ती नसतानाही कोणी पाचशेचा मुद्रांक आणायला सांगितले, तर त्याचा आधार लेखी मागावा. मला स्वतःला एकदा एका केंद्राने तो आणायला लावला आणि मीही निमूटपणे आणला. आता आणणार नाही.

उत्पन्न आणि अधिवासाच्या दाखल्यांना लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली १५ दिवसांची मुदत आहे. मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला गेला, तर ३० दिवसांच्या आत प्रथम अपील, त्यानंतर द्वितीय अपील आणि त्यापुढे ६० दिवसांत लोकसेवा हक्क आयोगाकडे तिसरे अपील करता येते. अर्ज चुकीच्या तालुक्यात गेला म्हणून फेटाळला असेल, तर अपिलात वेळ न घालवता योग्य कार्यालयात नवा अर्ज करावा. तालुका बरोबर असूनही कार्यक्षेत्राचे कारण दाखवले असेल, तर मात्र अपील जरूर करावे आणि त्यासोबत पोचपावती, अर्ज क्रमांक, शेऱ्याची छापील प्रत आणि गाव ज्या तालुक्यात आहे हे दाखवणारा त्या गावचा चालू सातबारा जोडावा, मग तो शेजारच्या शेतकऱ्याच्या नावाचा असला तरी चालेल.