सर्व्हर बदलायची वेळ कधी येते?

एका खात्यातून रक्कम वजा झाली आणि दुसऱ्या खात्यात जमा होण्याआधीच यंत्रणा बंद पडली, तर? व्यवहार एकतर पुरा व्हावा, नाहीतर झालाच नाही असं व्हावं. डेटाबेसला हाताशी धरून हे सांभाळणं, डेटाबेसची कनेक्शन्स आधीपासून तयार ठेवणं, लॉगिन तपासणं ही कामं ॲप्लिकेशन सर्व्हर, म्हणजे प्रोग्राम ज्याच्या आधारावर चालतात ते सॉफ्टवेअर, करतो, म्हणून प्रत्येक प्रोग्राममध्ये ती नव्याने लिहावी लागत नाहीत.

जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या जगात यासाठी डिसेंबर १९९९ मध्ये जे-टू-ईई हे मानक आलं. मानकाप्रमाणे लिहिलेला प्रोग्राम वेबलॉजिक, वेबस्फिअर, जेबॉस अशा कोणत्याही सर्व्हरवर चालावा, ही त्यामागची कल्पना. त्या हिशेबाने सर्व्हर बदलणं हे एका रात्रीचं काम. प्रत्यक्षात त्यात महिनेच्या महिने जातात, कारण मानकाने काय मिळावं ते सांगितलं. सेटिंग कशी करायची, क्लस्टर, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरांचा गट, कसा बांधायचा हे ज्याने त्याने ठरवलं. सगळ्यात छळतं ते लायब्ररींचं, म्हणजे तयार कोडच्या संचांचं, भांडण. एकच लायब्ररी प्रोग्रामही सोबत आणतो आणि सर्व्हरजवळही असते, फक्त व्हर्जन वेगळं. आधी कोणाची उचलायची याचे नियम सर्व्हरगणिक निराळे. म्हणजे कोड बिनतक्रार कंपाइल होतो (यंत्राला चालवता येईल अशा रूपात उतरतो) आणि चालू केल्यावर कोसळतो.

मग एवढा खटाटोप कशाला? बैठकीत सांगितलं जाणारं कारण असतं वेग. माझा त्यावर फारसा विश्वास नाही. संथपणाचं मूळ बहुधा डेटाबेसकडे माहिती मागणाऱ्या क्वेरीत सापडतं. खरा काच लायसन्सचा. अनेक विक्रेते प्रोसेसरच्या कोअर, म्हणजे त्यातले स्वतंत्रपणे काम करणारे भाग, मोजून पैसे लावतात, त्यामुळे नवं, जास्त कोअरचं यंत्र आणलं की प्रोग्राम तोच राहूनही बिल फुगतं.

दुसरं कारण सपोर्टचं. ओरॅकल कंपनीने २००८ मध्ये बीईए ही कंपनी विकत घेतली, तिच्याबरोबर वेबलॉजिक आलं. २०१० मध्ये सन ही कंपनी घेतली, तिच्याबरोबर ग्लासफिश. एका घरात दोन सर्व्हर झाले. नोव्हेंबर २०१३ मध्ये ओरॅकलने ग्लासफिशच्या पुढच्या व्हर्जनला व्यावसायिक सपोर्ट नसेल असं जाहीर केलं. कोड खुला होता, चालतही होता. पण मध्यरात्री फोन करायचा कोणाला?

आणि मग नावाचा घोळ. २०१७ मध्ये ओरॅकलने हे मानक एक्लिप्स फाउंडेशन या खुल्या सॉफ्टवेअरच्या संस्थेकडे सोपवायचं ठरवलं, पण ‘जावा’ या नावावरचा हक्क सोडला नाही. म्हणून मानकाला जकार्ता ईई हे नवं नाव मिळालं आणि २०२० च्या जकार्ता ईई ९ मध्ये ‘जावाएक्स’ने सुरू होणारी मानकातली नावं ‘जकार्ता’ने सुरू होऊ लागली. काम तेच, पण जुन्या प्रोग्रामला ओळखीचं कोणीच सापडेना. नावं आपोआप बदलणारी साधनं आहेत. मात्र देखभाल थांबलेली एखादी लायब्ररी मध्ये आली की गाडी अडते. सगळा कोड उघडून पुन्हा तपासायचाच आहे, तर मग त्याच सर्व्हरवर का राहायचं, हा प्रश्न इथेच निघतो. काहीजण तर वेगळा सर्व्हरच सोडतात: स्प्रिंग बूट या जावाच्या साधनात टॉमकॅट हा छोटा सर्व्हर प्रोग्रामच्या पोटातच असतो, सगळं गाठोडं कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्रामला लागणारं सगळं सोबत बांधलेल्या बंद डब्यात, घालून चालवता येतं.

तरी जुना सर्व्हर लगेच बंद होतो असं नाही. कोणी लिहिला ते आठवत नाही आणि हात लावायला कोणी धजत नाही, असा एखादा प्रोग्राम त्यावर उरतोच. त्या एकासाठी लायसन्सचं नूतनीकरण चालू राहतं.