पोरगं रिमांड होममध्ये, तलफ पानठेल्यावर

विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या बसस्टँडवर पाच मिनिटं उभं राहिलं की पानठेल्यावरून एक घासल्याचा आवाज कानावर येतो. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घेऊन फळीवर खर्रा घोटणं चालू असतं. सवय लागलेल्या माणसाच्या तोंडाला त्या आवाजानंच पाणी सुटतं. खर्रा हातात यायला अजून दोन मिनिटं असतात.

खर्रा हातात येण्याआधीच ही तलफ का जागते, त्याचा धागा मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्त्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांतून मिळाला. माकडाला फळाच्या रसाचा थेंब मिळाला की मेंदूतल्या डोपामाइन नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशी उसळायच्या. रसाआधी दरवेळी एक खूण दाखवायला सुरुवात केली, आणि काही दिवसांनी पेशी रसाला नव्हे, खुणेलाच उसळू लागल्या. डोपामाइनला ‘मजेचं रसायन’ म्हणतात ते म्हणूनच अर्धवट आहे. मजा येणार असल्याची वर्दी तेच देतं. तलफ म्हणजे ही वर्दी. ती देणाऱ्या खुणा गावभर पसरलेल्या असतात: ठेल्यावरचा आवाज, नाल्याकाठची जागा, मोहाच्या दारूचा वास, ठरावीक दोन मित्र.

आता समजा, सोळा वर्षांचा एक पोट्टा आहे. शेतातल्या मोटारपंपाची केबल कापून विकली, पैसे दारूत आणि गांजात गेले, आणि एका रात्री तो सापडला. बाल न्याय मंडळापुढे त्याची आई हात जोडून म्हणते, “मॅडम, याले सहा महिने तिकडंच ठेवा जी, आपोआप सुटन.” तिचं चुकतं असं कोण म्हणेल? तिकडं, रिमांड होममध्ये, सुटतंही. पोरगा अंगानं भरतो, वेळेवर जेवतो, वेळेवर झोपतो. मग घरी येतो आणि आठवड्याभरात पुन्हा नाल्याकाठी दिसतो. गाव म्हणतं, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच.

शेपटाचा दोष नाही. व्हिएतनाम युद्धात बऱ्याच अमेरिकी सैनिकांना हेरॉइनचं व्यसन जडलं होतं. ली रॉबिन्स या संशोधिकेनं ते मायदेशी परतल्यावर त्यांचा माग काढला. तिकडं व्यसनी झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकले ते जेमतेम ५ टक्के. कारणं अनेक होती, पण एक उघड आहे: नशेच्या खुणा हजारो मैल मागं राहिल्या होत्या. आपल्या पोराचा प्रवास नेमका उलटा होतो. खुणा नसलेल्या जागी तो व्यसन सोडतो, आणि आपण त्याला खुणांच्या मधोमध आणून सोडतो.

शिवाय ‘तिकडं’ तो एकटा नसतो. गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये मुलांना आणि मोठ्यांना गाडी चालवण्याचा एक खेळ खेळायला दिला. सोबतीला मित्र असले की किशोरवयीन मुलं कितीतरी जास्त धोका पत्करत. मोठ्यांना फारसा फरक पडत नसे. पुढचं-मागचं तोलून लगाम खेचणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पिकत असतो, तर मित्रांच्या शाबासकीची ओढ त्याच्या आधीच जोरात असते. १९९९ मध्ये संशोधक डिशन आणि सहकाऱ्यांनी याहून अडचणीची गोष्ट दाखवली. बिघडू पाहणाऱ्या मुलांचे गट करून त्यांना चांगलं वळण लावायला गेलं, तर त्यांचं तंबाखूचं प्रमाण वाढलं. उपदेश करणारा बोलून जायचा; मुलं हसायची आणि दाद द्यायची ती मात्र एकमेकांच्या भानगडींना. तुरुंग दाखवून घाबरवण्याच्या अमेरिकी कार्यक्रमांचंही तेच झालं. तपासणीअंती गुन्हे कमी व्हायच्या ऐवजी वाढलेले निघाले. शाळेत नेऊन सडलेल्या फुप्फुसांची चित्रं दाखवणाऱ्यांनी हे एकदा वाचावं, असं मला फार वाटतं.

मग गुण कशानं येतो? घराला सोबत घेतल्यानं. १९७०च्या दशकाअखेरीस अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्कॉट हेंगेलर यांनी उभी केलेली पद्धत घ्या. समुपदेशक एका वेळी चार ते सहाच कुटुंबं घेतो, तीन ते पाच महिने त्यांच्या घरी जातो आणि रात्री-बेरात्री फोन उचलतो. पोराला नीट करण्यापेक्षा मायबापाच्या हातात लगाम परत देण्यावर त्याचा भर असतो: पोरगा कुठं जातो, कुणासोबत, पैसा कुठून येतो. गुण सगळीकडे सारखा आलेला नाही. कॅनडातल्या मोठ्या चाचणीत नेहमीच्या सेवेपेक्षा फारसं वेगळं काही हाती लागलं नाही. तरी दिशा हीच.

दुसरी पद्धत ऐकायला पोरखेळ वाटते. नॅन्सी पेट्री या संशोधिकेनं दारूच्या रुग्णांसाठी एक भांडं भरून चिठ्ठ्या ठेवल्या. तपासणीत दारू नाही निघाली की चिठ्ठी काढायची. काही चिठ्ठ्यांवर काहीच बक्षीस नाही, बऱ्याचशांवर छोटी वस्तू आणि एकीवर मोठं बक्षीस. लोक उपचारात टिकले. दहा वर्षांनी होणारा कॅन्सर तरुण मेंदूला दिसत नाही, पण आज हातात पडणारा नवा क्रिकेटचा चेंडू दिसतो.

(रोज भरपूर पिणाऱ्याची दारू मात्र घरच्या घरी एकदम तोडू नका. झटके येऊ शकतात. आधी दवाखाना.)

कायद्यात याला जागा आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम १८ खाली मंडळ मुलाला घरी ठेवून परिविक्षेवर, म्हणजे चांगल्या वागणुकीच्या अटीवर देखरेखीखाली, सोडू शकतं आणि सोबत शाळा, कामाचं प्रशिक्षण किंवा व्यसनमुक्तीचा कार्यक्रम जोडू शकतं. कलम ७७ नुसार मुलाला दारू-तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. खर्रा घोटून पोराच्या हातात ठेवणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल? आडगावात मानसोपचारतज्ज्ञ कुठून आणायचा, हा प्रश्न खरा. पण गोव्यात प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात बसून दारू पिणाऱ्या पुरुषांचं समुपदेशन केलं आणि त्याचा उपयोग झाला. ती माणसं डॉक्टर नव्हती.

मंडळापुढे मुलाचा सामाजिक तपासणी अहवाल येतो. त्यात बापाचा धंदा, शिक्षण, घराची स्थिती हे सगळं असतं. पोरगा कोणत्या ठेल्यावर उभा राहतो आणि कापूस वेचणीचा चुकारा कोणत्या वारी हातात पडतो, हेही त्यात लिहिता येईल. चुकारा बहुधा आठवडी बाजाराच्या दिवशी होतो. समुपदेशकानं घरी जायचा दिवसही तोच.