चुरचुरतंय म्हणजे गुण येतोय?

चेहऱ्याला काही लावलं आणि चुरचुरलं, की ‘औषध लागू पडतंय’ असं समजून गप्प सहन करणारे पुष्कळ असतात. त्यात आता सकाळ-संध्याकाळ दहा-दहा पायऱ्यांच्या निगेच्या चित्रफितींची भर पडली आहे. आधी टोनर, मग एकावर एक तीन सीरम, मग आम्लाचा हात, वर वाफ. धडधाकट त्वचा हे निभावून नेते. संवेदनशील त्वचेला मात्र ते सोसत नाही, आणि चुरचुरणं हा तिथे गुण येण्याचा पुरावा मुळीच नसतो.

चुरचुरतं ते कसं? त्वचेतल्या मज्जातंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही-१ नावाचं एक प्रथिन असतं, एखाद्या दारासारखं उघडणारं-मिटणारं. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने ते १९९७ मध्ये शोधलं, आणि या क्षेत्रातल्या कामासाठी २०२१चं नोबेल त्यांना आर्डेम पाटापुटियन यांच्याबरोबर मिळालं. मिरचीतल्या कॅप्सेसिनने हे दार उघडतं, साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेनेही उघडतं, आणि आम्ल पोहोचलं तर त्याहून कमी तापमानालाच उघडतं. म्हणजे चुरचुरणं ही मज्जातंतूने दिलेली धोक्याची वर्दी आहे. सुरकुत्या, डाग किंवा मुरुमांवर काही उपचार घडतोय की नाही, याची त्या तंतूला काहीच खबर नसते.

एरवी कोणाला काही जाणवू नये अशा साध्या कारणाने, म्हणजे पाण्याने, वाऱ्याने, रोजच्या क्रीमने, आग, चुरचुर, खाज किंवा टोचल्यासारखं होणं, अशी संवेदनशील त्वचेची व्याख्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१७ मध्ये केली. त्वचा लाल दिसेल किंवा दिसणारही नाही. त्यामुळे ‘दिसत तर काही नाही, उगाच नाजूकपणा’ हे बोलणं ऐकावं लागणाऱ्यांची बाजू विज्ञानाने केव्हाच घेतली आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. त्वचेचा सर्वांत वरचा थर बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या जेमतेम पन्नासाव्या भागाएवढा असतो. त्यात मृत, चपट्या पेशींचे पंधरा-वीस पदर एकावर एक रचलेले असतात, आणि त्यांच्या फटींमध्ये स्निग्ध पदार्थ भरलेले असतात. त्वचेचे अभ्यासक पीटर इलायस यांनी याला विटा आणि चुन्याच्या भिंतीची उपमा दिली आणि ती पाठ्यपुस्तकांत रूढ झाली. हा ‘चुना’ मुख्यतः तीन घटकांचा: सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मुक्त मेदाम्लं. रेणूंची संख्या मोजली तर तिन्ही साधारण सारख्या प्रमाणात. पाणी आत धरून ठेवणं आणि बाहेरचं बाहेर ठेवणं ही दोन्ही कामं प्रामुख्याने याच्याच जोरावर चालतात.

या थराचा पृष्ठभाग आम्लधर्मी असतो. शाडे आणि मार्किओनिनी या दोन जर्मन संशोधकांनी १९२८ मध्ये त्याला ‘आम्ल-आवरण’ असं नाव दिलं. पृष्ठभागाचा सामू (पीएच; सात म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, वर अल्क) साधारण साडेचार ते साडेपाच असतो. खाली उतरत गेलं की तो वाढत जातो आणि जिवंत पेशींपाशी सातच्या आसपास पोहोचतो. इतक्या पातळ पडद्यात सामूचा एवढा फरक! बरीच वर्षं लोकांना वाटत होतं, की ही आम्लता फक्त जंतूंना दूर ठेवण्यासाठी आहे. तेही काम ती करतेच. पण तिचं खरं मोल एन्झाइमांच्या, म्हणजे रासायनिक कामं घडवून आणणाऱ्या प्रथिनांच्या, दोन टोळ्यांशी निगडित आहे, आणि मला या विषयाचं वेड लागलं ते त्यांच्यामुळेच.

पहिली टोळी बांधणाऱ्यांची. भिंतीच्या खालच्या जिवंत पेशी आपल्या पोटात अतिसूक्ष्म पुड्या तयार करतात. संशोधक जॉर्ज ऑडलंड यांनी त्या १९६० मध्ये दाखवल्या. या पुड्यांत तयार सेरामाइड फारसं नसतंच. असतो तो कच्चा माल: साखर जोडलेलं सेरामाइड, स्फिंगोमायलिन आणि फॉस्फोलिपिड. पेशी मरायला टेकली की पुड्या फटीत रिकाम्या होतात. मग बीटा-ग्लुकोसेरेब्रोसायडेझ नावाचं एन्झाइम साखरेचा रेणू कापून काढतं, तर आम्ल-स्फिंगोमायलिनेझ स्फिंगोमायलिनचं डोकं छाटतं. दोन्हींकडून सेरामाइड मिळतं. फॉस्फोलिपिडपासून मेदाम्लं सुटतात, आणि ती स्वतःच आम्लता टिकवायला हातभार लावतात. यातल्या पहिल्या दोन एन्झाइमांचा हात चालतो तो सामू पाचच्या आसपास असताना. गोशे नावाच्या आनुवंशिक रोगाच्या अतितीव्र प्रकारात पहिलं एन्झाइम जवळपास नसतंच. अशा काही बाळांची त्वचा जन्मतःच चकचकीत पापुद्र्याने वेढलेली असते, इतकं त्या एका कापणीवर अवलंबून आहे.

दुसरी टोळी सोडवणाऱ्यांची. पेशी एकमेकींना प्रथिनांच्या टाक्यांनी जोडलेल्या असतात. कॅलिक्रीन-५ आणि कॅलिक्रीन-७ ही एन्झाइमं ते टाके उसवतात, म्हणून वरचे पदर नकळत गळत राहतात. ही टोळी मोकाट सुटू नये म्हणून लेक्टी नावाचं प्रथिन तिला धरून ठेवतं. ज्यांच्यात लेक्टी सदोष असतं त्यांना नेदर्टन नावाचा दुर्मिळ विकार होतो, आणि त्वचा जन्मापासून सोलवटत राहते. मेख अशी, की उसवणाऱ्या एन्झाइमांना सातच्या वरचा सामू मानवतो. पृष्ठभागाकडची आम्लता त्यांना आवरून धरते.

सामू वाढला तर काय होईल ते आता लक्षात आलं असेल. बांधणारे मंदावतात, उसवणारे चेकाळतात. एवढंच नाही, उसवणारे बांधणाऱ्या एन्झाइमांचेच तुकडे करू लागतात. शिवाय त्यांच्यामुळे पार-२ नावाचा ग्राहक, म्हणजे पेशीवरचं संदेश टिपणारं प्रथिन, जागा होतो. तो एकीकडे पेशींच्या पुड्या बाहेर टाकणं रोखतो आणि दुसरीकडे मज्जातंतूंमार्फत खाज आणतो. उंदरांच्या निरोगी त्वचेला नुसता अल्कधर्मी पदार्थ लावून सामू वाढवला, तरी भिंत झिरपू लागते हे प्रयोगांत दिसलं आहे.

साध्या साबणाचा सामू नऊ ते दहा असतो. त्याने चेहरा धुतल्यावर बोट फिरवलं की त्वचा करकरते, आणि पाचेक मिनिटांत गाल ओढल्यासारखे होतात. त्या करकरीला आपण स्वच्छता म्हणतो. प्रत्यक्षात तेव्हा तेलाबरोबर ‘चुन्या’चा काही भागही निघालेला असतो, आणि सामू पूर्ववत व्हायला काही तास लागू शकतात. आधीच कच्च्या भिंतीच्या त्वचेला तेवढी उसंत मिळायच्या आत आपण पुन्हा तोंड धुतो.

म्हणून सकाळी संवेदनशील त्वचेला फेसाची गरजच नाही. रात्रभरात चेहऱ्यावर असं काही साचत नाही, जे कोमट पाण्याने जात नाही. चेहरा टिपून घ्यावा, घासू नये, आणि ओलसर असतानाच ग्लिसरीन असलेलं बिनवासाचं मॉइश्चरायझर लावावं. मग सनस्क्रीन. त्यातल्या ऊन अडवणाऱ्या सेंद्रिय रसायनांनी डोळे आणि गाल चुरचुरत असतील तर झिंक ऑक्साइडचं घ्यावं. ते त्वचेत फारसं शिरत नाही आणि अतिनील किरण बहुतांशी शोषून घेतं. डब्यावरचा एसपीएफचा, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा, आकडा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम थर गृहीत धरून काढलेला असतो, आणि बहुतेक जण त्याच्या निम्माही लावत नाहीत. चेहरा-मानेसाठी तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत पट्टी निघेल इतकं घ्यावं.

संध्याकाळचं गणित वेगळं. त्वचेतून उडून जाणारं पाणी संध्याकाळी आणि रात्री वाढतं, म्हणजे भिंत तेव्हा जास्त झिरपते. खाजही रात्रीच जास्त छळते. सनस्क्रीन काढायला सामू साडेपाचच्या जवळ असलेला सौम्य क्लेन्झर एकदाच वापरावा. चैन करायची ती यानंतरच्या क्रीममध्ये करावी. दाट, बिनवासाचं, ‘चुन्या’तल्या तिन्ही घटकांचं क्रीम घ्यावं आणि सावकाश, हलक्या हाताने पसरावं. ‘तिन्ही’ म्हणण्याला कारण आहे. ॲसिटोनने भिंत बिघडवलेल्या उंदरांना नुसतं सेरामाइड किंवा नुसतं कोलेस्टेरॉल लावलं तेव्हा दुरुस्ती उलट रेंगाळली. तिन्ही सारख्या प्रमाणात दिले तेव्हा ती नेहमीच्या वेगाने झाली, आणि एकाचं प्रमाण तिप्पट ठेवलं तेव्हा आणखी लवकर. डबीवर मोठ्या अक्षरांत एकट्या सेरामाइडचा गाजावाजा असेल तर मागची घटकांची यादी जरूर वाचावी.

फारच कोरडेपणा असेल तर वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. रॉबर्ट चेसब्रो यांनी १८७२ मध्ये पेटंट घेतलेला हा साधा पदार्थ पाणी रोखण्यात भल्याभल्या क्रीमना मागे टाकतो. त्याने त्वचेचा श्वास कोंडतो हा निव्वळ गैरसमज. शरीराला लागणारा प्राणवायू आपण फुफ्फुसांनी घेतो, आणि जेली लावूनही खालची दुरुस्ती सुरूच राहते हे १९९२ मध्येच दाखवलं गेलं आहे.

‘नैसर्गिक’ म्हणून लिंबू चोळणाऱ्यांबद्दल मला मनापासून काळजी वाटते. लिंबाच्या रसाचा सामू दोनच्या आसपास, खाण्याच्या सोड्याचा आठच्या वर. एक थेट मज्जातंतूंना डिवचतो, दुसरा उसवणाऱ्या टोळीला मोकळं रान देतो. लिंबातले काही रेणू उन्हात त्वचा भाजूनही काढतात. सुगंधी तेलांतले लिनालूल आणि लिमोनीन हवेशी संयोग पावले की त्यांची ॲलर्जीकारक संयुगं बनतात. झाडापासून आलं म्हणून त्वचा काही सवलत देत नाही. ‘केमिकल-फ्री’ हा शब्द तर निरर्थकच आहे, पाणीसुद्धा रसायनच. आणि गरम वाफ? ४३ अंशांचं ते दार आठवा.

नवं काही आणलं तर ते थेट चेहऱ्याला लावू नये. कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावून पाहावं. एका दिवसात निकाल लागत नाही, कारण ॲलर्जीची प्रतिक्रिया टी-पेशी या रोगप्रतिकारक पेशींमार्फत घडते आणि त्या गोळा व्हायलाच दोन-तीन दिवस लागू शकतात. चेहऱ्यावर चट्टे, खपल्या किंवा न ओसरणारी लाली असेल तर तो एक्झिमा किंवा रोझेशिया (चेहरा लाल राहण्याचा विकार) असू शकतो. मग क्रीम बदलत बसण्याऐवजी त्वचारोगतज्ज्ञांकडे जावं, आणि जाताना वापरातल्या सगळ्या डब्या-बाटल्या बरोबर न्याव्यात. नेमका कोणता घटक बाधतोय हे शोधायला त्यांना त्यांवरच्या घटकांच्या यादीचाच उपयोग होतो.