एकदमच का देऊन टाकत नाहीत रेडिएशन?

गडहिंग्लज, चंदगड, राधानगरी, पार निपाणीकडनं कॅन्सरच्या रेडिएशनसाठी कोल्हापूरला रोज ये-जा करणाऱ्या पेशंटच्या घरच्यांकडनं एक गोष्ट इतक्या वेळा ऐकलीय की शेवटी लिहायलाच बसलो. "तीस-तीस सिटिंग कशाला? पाच-दहा मिनिटांचं तर काम, एकदाच जास्त देऊन टाका की. रोज बोलवतात ते बिल वाढवायला." रोजचं गाडीभाडं आणि सोबतच्या माणसाचा बुडणारा रोजगार बघितला की हा वैताग समजतो. पण समज चुकीचा आहे, आणि त्याच्यापायी लोकं मधली सिटिंग बिनधास्त बुडवतात, म्हणून काळजी वाटते.

आधी एक गोष्ट डोक्यातनं काढूया. रेडिएशननं गाठ भाजून निघत नाही. डोस मोजायचं माप आहे ग्रे, एक किलो मांसात एक ज्यूल ऊर्जा गेली की एक ग्रे झाला. रोजचा डोस साधारण 2 ग्रे, त्यानं तिथलं तापमान वाढतं ते एका अंशाच्या दोन हजाराव्या भागाएवढं. 70 किलोच्या माणसाच्या सगळ्या अंगाला एकदम 4 ग्रे बसले आणि उपचार मिळाले नाहीत तर तो दगावू शकतो, आणि ही सगळी ऊर्जा मोजली तर भरते 280 ज्यूल, म्हणजे चमचाभर गरम चहात असते त्याच्यापेक्षाही कमी. मग एवढ्याशा ऊर्जेनं माणूस मरतो कसा? तर ती कुठं पडते त्याच्यावर सगळं आहे, आणि ती जागा म्हणजे पेशीतला डीएनए, दोन पदरांचा दोर, ज्याच्यावर पेशीची सगळी माहिती लिहिलेली असते.

आता माझा आवडता भाग. क्ष-किरण पेशीतनं जाताना इलेक्ट्रॉन उडवतात, ते इलेक्ट्रॉन बहुतेक वेळा पाण्याच्या रेणूवर आदळतात कारण पेशीत पाणीच जास्त, आणि त्यातनं हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचा अतिशय उतावळा तुकडा तयार होतो जो शेजारच्या डीएनएचा लचका तोडतो. एक ग्रेनं एका पेशीत डीएनएचा एकेक पदर सुमारे हजार ठिकाणी तुटतो आणि दोन्ही पदर एकाच जागी तुटायचे प्रकार होतात सुमारे 40. एक पदर तुटला तर पेशीला काही वाटत नाही, समोरचा पदर बघून ती तो नीट लिहून काढते. दोन्ही तुटले की मात्र बघून लिहायला समोर काही उरत नाही, टोकं कशीतरी जोडली जातात, चुकीची जोडली जातात, आणि पेशी विभागायला गेली की तिथं अडकून मरते. ती मरते विभागताना, म्हणून गाठ त्याच दिवशी विरघळत नाही, कधीकधी सिटिंग संपल्यावरही काही आठवडे कमी होत राहते.

दुरुस्तीला वेळ लागतो आणि सगळी गंमत त्या वेळात आहे. चांगल्या पेशी आपली बरीचशी दुरुस्ती सहाएक तासात उरकतात, दुसऱ्या दिवशीच्या सिटिंगपर्यंत त्या सावरलेल्या असतात. कॅन्सरच्या पेशींची दुरुस्तीची यंत्रणा बऱ्याचदा आधीच बिघडलेली असते आणि त्या घाईघाईनं विभागत असतात, त्यामुळं त्या तेवढ्या सावरत नाहीत. समजा एका सिटिंगमध्ये गाठीतल्या निम्म्या पेशी मरतात. एक घन सेंटिमीटरच्या गाठीत साधारण शंभर कोटी पेशी धरतात. शंभर कोटीचे निम्मे, त्याचे निम्मे, असं तीस वेळा करून बघा, एकाच्या आसपास येता. तोच सगळा डोस एकदम दिला तर गाठ जाईल, पण तिच्याबरोबर कातडी, लाळग्रंथी आणि मणक्यातला मज्जारज्जूही जाईल.

हे आधी कळलं मेंढ्यांवरनं. पॅरिसमध्ये क्लॉडिअस रेगो या फ्रेंच डॉक्टरांनी मेंढ्याच्या वृषणावर प्रयोग केले. एकाच डोसात मेंढा निर्बीज करायला गेलं की वरची कातडी जळायची, डोस थोडा थोडा करून बऱ्याच दिवसांत दिला तर काम व्हायचं आणि कातडी वाचायची. त्यांचे सहकारी आंरी कुतार यांनी मग 1920 च्या दशकात घशाच्या कॅन्सरला हीच पद्धत लावली. आजची तीस सिटिंग त्या मेंढ्यांपासनं आलीत.

पण ही सवड दोन्ही बाजूंना मिळते. तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये साधारण चौथ्या आठवड्यापासनं उरलेल्या पेशी जास्तच जोरात वाढायला लागतात, आणि त्यानंतर उपचार लांबला की वाया जाणाऱ्या दर दिवसामागं अंदाजे 0.6 ग्रे नुसते ती वाढ भरून काढण्यात जातात. तीन दिवस दांडी मारली की जवळजवळ एक सिटिंग पाण्यात. डेन्मार्कच्या एका मोठ्या अभ्यासात (2003) एकूण डोस तोच ठेवून आठवड्याला पाचाऐवजी सहा सिटिंग दिली, तर पाच वर्षांनी गाठ आटोक्यात राहायचं प्रमाण 60 वरनं 70 टक्क्यांवर गेलं. नवीन औषध नाही, नवीन मशीन नाही, फक्त एक आठवडा वाचवला. मावा, तंबाखू आणि मशेरीचा आपला भाग, त्यामुळं हे इथं सगळ्यात जास्त लागू.

मग ब्रेस्ट कॅन्सरला काही ठिकाणी पाचच सिटिंग कशी? तिथं अल्फा-बीटा रेशो नावाची भानगड येते, म्हणजे पेशी एका डोसाच्या आकाराला किती दबते त्याचा हिशेब. तोंड-घशाच्या गाठींचा हा आकडा 10 च्या आसपास, ब्रेस्टचा 4 च्या आसपास, आणि आकडा जितका लहान तितका मोठ्या डोसाचा दणका जास्त. म्हणून ब्रिटनच्या 2020 च्या फास्ट-फॉरवर्ड अभ्यासात एका आठवड्यात पाच सिटिंगमध्ये 26 ग्रे देऊनही निकाल तीन आठवड्यांच्या 15 सिटिंगइतकाच चांगला आला. शेजारणीचं पाचात झालं म्हणून घशाचं पाचात होत नाही.

मशीन सुधारली त्याचा फायदा पेशंटला कुठं दिसतो सांगू? जेवणात. तोंड-घशाच्या पेशंटला आधी मास्क करतात, प्लास्टिकची जाळीदार शीट गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर ताणतात, पाचेक मिनिटांत ती घट्ट होते आणि रोज तीच अडकवून डोकं तसूभर हलू देत नाहीत. डोकं हललं नाही म्हणून आयएमआरटी नावाच्या नव्या पद्धतीत किरणांचा डोस गाठीच्या आकाराप्रमाणं बसवून लाळग्रंथी टाळता येते. 2011 च्या एका ब्रिटिश अभ्यासात वर्षभरानंतर बऱ्यापैकी कोरडं तोंड राहणारे जुन्या पद्धतीत 74 टक्के होते, आयएमआरटीत 38. प्रत्येक घासाला पाणी लागणाऱ्या माणसाला विचारा याची किंमत. आणि प्रोटॉन, सायबरनाइफ असल्या रेडिएशनच्या दुसऱ्या प्रकारांच्या जाहिराती बघून घरदार विकायला निघू नका, त्या चांगल्या गोष्टी आहेत पण ठराविक पेशंटसाठी.

लिनॅकवर, म्हणजे बाहेरनं किरण सोडणाऱ्या नेहमीच्या मशीनवर, रेडिएशन घेतलेल्या माणसाच्या अंगात काही उरत नाही, मशीन बंद झाली की किरण संपले, त्यामुळं नातवंडांना लांब ठेवायची काही गरज नाही. थायरॉइडला रेडिओॲक्टिव्ह आयोडीन दिलं तर काही दिवस अंतर ठेवायला सांगतात, तो प्रकार वेगळा.

आता दांडी. अमावस्या आहे म्हणून नको, जोतिबाची यात्रा आहे म्हणून नको, अंगारा लावून आठ दिवस बघू, हे सर्रास चालतं. कॅन्सरची पेशी पंचांग बघत नाही. पुराची गोष्ट वेगळी. 2019 ला आणि 2021 ला शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं, रस्ते बंद झाले, त्यात पेशंटचा काय दोष. पण अशी गॅप भरून काढता येते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ रेडिऑलॉजिस्ट्सच्या सूचनांप्रमाणं वेगानं वाढणाऱ्या गाठींचा उपचार दोन दिवसांपेक्षा जास्त लांबू द्यायचा नाही. त्यासाठी शनिवारी सिटिंग देतात, किंवा एकाच दिवशी दोन देतात, मधे निदान सहा तास सोडून. तर पाऊस लागून राहिला आणि पंचगंगा चढायला लागली की पाणी रस्त्यावर यायची वाट न बघता रेडिएशन विभागाला फोन करायचा, कितवं सिटिंग चाललंय ते सांगायचं, आणि शहरात कुणा पाहुण्याकडं चार दिवस राहायची सोय होत असेल तर आदल्या दिवशीच निघायचं.